हाळी कुणापर्यंत गेली

६ जानेवारी, सोमवार

नवं काम, नवी वही. रोज लिहीनच असं नाही.

काकांच्या हळदीच्या गोदामावरची माडी मिळाली. जिना चढेपर्यंत नाकातोंडात हळद जाते, पण खिडकी मोठी आहे. ब्राह्मीनं दारावर पाटी लावली : हाळी. शेतात लांबच्या माणसाला मारतात ती हाक. चुलत बहीण असलीस तरी ऑफिसात दादा म्हणायचं नाही, असं तिला बजावलं. म्हणाली, "बरं दादा."

ओसाकातल्या पाच वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो. कुठलं अ‍ॅप चालतं हे ते किती चांगलं आहे यावर ठरत नाही. जपानात सगळे 'लाइन' नावाच्या अ‍ॅपवर. शेजारच्या खोलीतला कोरियन घरादारासकट काकाओवर, व्हिएतनामची मुलगी 'झालो'वर (खरंच असं नाव आहे). माझ्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बघून हसायचे, हे कोण वापरतं म्हणून. आणि आपण? आपल्याकडं दिवाळी-पाडव्याला एसएमएसचा पॅक चालत नसे, एकेका शुभेच्छेला पैसे कापायचे. तेवढ्यात साध्या नोकियावरही चालणारं, जवळजवळ फुकटातलं व्हॉट्सअ‍ॅप आलं. आत्या, मावशी, दूधवाला एकदा तिकडं गेले की बाकीच्यांना दुसरा रस्ता उरत नाही.

कोरियाचं स्वतःचं होतं, मग आमच्या सांगली-साताऱ्याचं का नाही? मी सबंध देश मागत नाही. बेदाणेवाले, द्राक्षवाले, पाचगणीचे स्ट्रॉबेरीवाले. त्यांच्या रानात माझी हवामानाची यंत्रं, आणि पाऊस-वाऱ्याचा इशारा, भाव, गप्पा सगळं हाळीवर.

१९ जानेवारी, रविवार

तासगावला धन्यकुमार अण्णांच्या बेदाणा शेडवर पहिलं यंत्र बसवलं. अण्णा पप्पांचे जुने मित्र. पप्पा गेल्यावर वर्षभर दर आठवड्याला आईची चौकशी करायला येत होते. दुसऱ्या कुणी शेडवर शिडीसुद्धा लावू दिली नसती.

खांबावर पंखा फिरायला लागला तसे अण्णा खुर्ची टाकून बघत बसले. "ह्ये वारं मोजतंय व्हय रं? आणि मोजून काय करतंय?"

"जतकडं वादळ उठलं की इथं तास-दीड तास आधी कळेल. शेडच्या ताडपत्र्या सोडायला तेवढा वेळ पुरतो."

"लय पुरतो. गेल्या साली अर्धा तास मिळाला असता तरी माझा माल काळा पडला नसता."

त्यांच्या फोनवर हाळी टाकायला हात पुढं केला, तर त्यांनी फोन छातीशी धरला. काच तडकलेला जुना फोन. "नको रं भरतेश. मला त्यातलं ते हिरवं एकच कळतंय. त्यात नातू दिसतो. तुझं टाकताना ते गेलं तर पोरगी हैदराबादेतनं आरडत बसंल."

हसलो, सोडून दिलं. येतील हळूहळू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हाळीवर एकेचाळीस माणसं. त्यात मी, ब्राह्मी, आई, ब्राह्मीच्या कॉलेजातल्या सहा मैत्रिणी.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'तासगाव बेदाणा हवामान' ग्रुपवर नऊशे शहाऐंशी. तोही मीच काढलेला, हाळीची माहिती द्यायला. जत, कवठेमहांकाळपर्यंत बसवलेली आमची यंत्रं इशारा देतात, ब्राह्मी तो उचलून त्या ग्रुपवर टाकते, आणि खाली शंभर हात जोडलेले. एकाला फोन करून विचारलं, हाळी का घेत नाही? म्हणाला, "आवं, ते तर ग्रुपवर येतंयच की."

म्हणजे मी माझ्याच हातानं दुसऱ्याची विहीर भरतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाचगणी. संयोगिताताई मोठ्या बागायतदार, शिकलेल्या. त्यांनी हाळी नीट बघितली, रंग आवडले म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भरतेश, माझी गिऱ्हाइकं मुंबईची. ती सकाळी उठून ज्याच्यावर ऑर्डर टाकतात, तिथं मी असणार. तुमच्याकडं कोण आहे?"

"तुम्ही आलात की बाकीचे येतील."

"बाकीचे आले की मी येते."

निघताना स्ट्रॉबेरीची दोन खोकी दिली. पसरणी घाट उतरताना एक रस्त्यावर फेकून द्यावंसं वाटलं. दिलं नाही. आईनं जॅम केला.

२ मार्च, रविवार

सीझन भरात आहे. अण्णांच्या शेडवर सगळे रॅक भरलेत, खालपासून वरपर्यंत हिरवे घड वाळत पडलेत. जाळ्यांवर माल पसरणाऱ्या बायकांत एक बनुबाई आहेत, औंधच्या बाजूच्या. दर वर्षी सीझनला येतात. वरच्या रॅकवर त्या चढतात तशा चपळ तरण्या पोरीसुद्धा चढत नाहीत. मुलगा मल्हार सैन्यात, सध्या अरुणाचलला.

जेवणाच्या सुट्टीत बायकांना हाळी दाखवत होतो. बनुबाईंनी विचारलं, "ह्यात बोलून पाठवता येतं का?"

म्हटलं, आवाजाचं पुढच्या खेपेला. आत्ता लिहून.

"मला लिवाया येत न्हाई, दादा. माझा मल्हार आवाज पाठवतो. मी आवाज पाठवते. रातच्याला निजताना चार-चारदा ऐकते." फोन दाखवला. सगळी जागा त्या आवाजांनीच भरलेली. एक-दोन जुने काढून टाकले तर हाळीला जागा होईल, असं सहज बोलून गेलो.

त्यांनी फोन कमरेला खोचला. "कुठला काढू?" म्हणाल्या आणि उठून कामाला गेल्या.

हीच अडचण आहे. माणसं भावनेत अडकलेली आहेत, सोयीचा विचार करत नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

हाळीत पैसे घालू पाहणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा निरोप. जूनअखेर दहा हजार वापरणारे दाखवा, मग बोलू. आज आहेत त्रेपन्न.

विचार करतोय. जपानात लाइन आलं ते मोठ्या भूकंपानंतर तीन महिन्यांत. फोन लागत नव्हते, माणसं एकमेकांना शोधत होती. म्हणजे जुनी सवय मोडायला धक्का लागतो. आपलं माणूस धड आहे का, एवढा एक प्रश्न सगळ्यांना एकाच वेळी पडावा लागतो. सुखात कुणी अ‍ॅप बदलत नाही.

आपल्याकडं तसा धक्का म्हणजे काय? कृष्णेचा पूर, नाहीतर वळीव.

हे लिहून थांबलो. वाईट अर्थानं लिहिलेलं नाही. नियम आहे तो.

२७ मार्च, गुरुवार

ठरवलं. एक एप्रिलपासून इशारे फक्त हाळीवर. ग्रुपवर काही टाकायचं नाही.

ब्राह्मी हातातलं काम ठेवून बघत राहिली. "आणि दादा, खरंच वादळ आलं तर?"

"तर येतील की सगळे इकडं."

"वादळ आल्यावर?"

तिला धंदा कळत नाही. फुकट मिळतं तोवर माणूस पाऊल उचलत नाही. मी कुणाचं काही काढून घेत नाही, फक्त दार बदलतोय. आणि आधी रीतसर कळवणार आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळी सव्वानऊला ग्रुपवर टाकलं : 'एक एप्रिलपासून हवामानाचे इशारे फक्त हाळी अ‍ॅपवर मिळतील. सर्वांनी कृपया घ्यावे.' खाली घ्यायचा पत्ता.

ब्राह्मीनं घरून फोन केला. "आजच कशाला? आज गुढ्या, श्रीखंड, फोटो. कुणाला दिसणार पण नाही."

म्हटलं, सणाला सगळेच फोन बघतात.

संध्याकाळी उघडून बघितलं. माझ्या निरोपाखाली साडेतीनशे शुभेच्छा होत्या. पुन्हा टाकावा का असं मनात आलं. पण एकच गोष्ट दोनदा सांगितली की माणसं आपल्याला गरजू समजतात.

११ एप्रिल, शुक्रवार

वादळ आलं. उद्या लिहीन.

संध्याकाळी साडेसातपर्यंत दोनशे चौदा नवे.

१२ एप्रिल, शनिवार

क्रमानं लिहितो.

काल दुपारी दोन चाळीसला जतचं यंत्र बोललं. वारा एकदम चढला, पारा पडला. तीन वाजता कवठेमहांकाळचंही. हाळीवरच्या अठ्ठावन्न जणांना इशारा आपोआप गेला. यंत्रणा चोख चालली हे इथं नोंदवून ठेवतो.

तीन वाजून पाच मिनिटांनी ब्राह्मीचा फोन. ती काकूबरोबर कुंभोजला गेली होती. "दादा, हाळीवर इशारा दिसला. मोठं दिसतंय. ग्रुपवर टाकलास का?"

"बघतो," म्हटलं.

"बघ हं," म्हणाली आणि ठेवला.

मी ग्रुप उघडला होता. खरंच उघडला होता. कुणीतरी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला होता, त्याखाली शुभेच्छा चालू होत्या. टाकलं असतं तर उद्यापासून पुन्हा तेच, शंभर हात जोडलेले आणि हाळीवर अठ्ठावन्न. मी एकदा शब्द दिला होता की इशारे फक्त हाळीवर. आणि यंत्रं चुकतातही. पाच तारखेला असाच इशारा गेला होता, चार थेंब पडले.

चार वाजून दहा मिनिटांनी तासगावात वारं शिरलं. मग गारा.

आज सकाळी अण्णांच्या शेडवर गेलो. पूर्वेकडचे पत्रे द्राक्षाच्या बागेत जाऊन पडलेत. रॅक एकमेकांवर कललेत, खाली चिखलात बेदाणा. पाय ठेवला की चिकटतो. अण्णा टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते.

वारं सुटल्यावर मागनं बायका ताडपत्र्या सोडायला धावल्या होत्या. बनुबाई वरच्या रॅकवर चढल्या. पत्रा उचकटला तसा रॅक हलला आणि त्या खाली आल्या. खुबा मोडलाय. मिरजेला नेलंय, ऑपरेशन आहे.

मी काही बोलायच्या आत अण्णांनीच माझा हात धरला.

"माझंच चुकलं रं. तू पाडव्याला ग्रुपवर सांगितलं हुतंस म्हणं. पलीकडच्या शेडवाल्या राजवर्धननं तुझं ते घेतलंय, त्यानं तीनलाच ताडपत्र्या सोडल्या. त्याचं काय सुदिक गेलं न्हाई. तू आलावतास माझ्या दारात, मीच फोन दिला न्हाई तुला. त्या बाईचा खुबा माझ्या अडाणीपणानं मोडला."

म्हटलं, "असं म्हणू नका, अण्णा."

एवढंच म्हटलं.

त्यांनी खिशातनं तो फोन काढून माझ्यापुढं धरला. "घाल आता. नातू जाऊ दे गेला तर."

घातला. नातू गेला नाही.

१३ एप्रिल, रविवार

ब्राह्मी आली ती बसलीच नाही. फोनवर ग्रुप उघडून माझ्यासमोर धरला. "अकरा तारखेचं दाखव. तू काय टाकलंस ते दाखव."

मी म्हटलं, 'टाकतो' असं म्हणालोच नव्हतो. 'बघतो' म्हणालो होतो.

म्हणाली, "घरात बाबा 'बघतो' म्हणतात तेव्हा करतात रे. म्हणून मी ठेवला फोन. माझ्याकडंही तो ग्रुप होता. मी टाकू शकत होते. तू बघतो म्हणालास म्हणून टाकलं नाही."

समजावलं. नियम एकदा मोडला की नियम राहत नाही, सांगितलं. लाइनचं सांगितलं. म्हणाली, "जपानातल्या माणसांनी भूकंप आणला नव्हता ना? झाल्यावर धावली ना ती? तू काय केलंस?"

वादळ मी आणलं का, असं मी विचारलं. तिनं माडीची किल्ली टेबलावर ठेवली. दारात म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. अण्णांना तू सांग."

ती माझ्यावर जळत असावी, असं दुपारी वाटलं. संध्याकाळी नाही वाटलं. तिनं जळावं असं माझ्याकडं काही नव्हतंच.

२० एप्रिल, रविवार

चार हजार तीनशे. अण्णा मोटरसायकलवर मागं बसून गावोगाव हिंडताहेत. कवठेएकंद, मणेराजुरी, सावळज. जिथं जातात तिथं आपलीच गोष्ट सांगतात : मी घेतलं न्हाई, माझं असं झालं, तुमी घ्या. ओसाकातल्या कुठल्याही जाहिरात कंपनीला हे सुचलं नसतं. धक्क्याचा माझा हिशेब बरोबर निघाला. एरवी आनंद झाला असता.

अण्णांना सांगायचं राहिलंय. ते सध्या उत्साहात आहेत, आत्ता सांगून त्यांनाच त्रास.

४ मे, रविवार

बनुबाईंना अण्णांनी आपल्या घरीच ठेवून घेतलंय, पुढच्या सोप्यात कॉटवर. मल्हार दहा दिवसांची रजा घेऊन आला आणि परत गेला. मी फळं घेऊन गेलो. अण्णा माझ्यासाठी चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात बनुबाईंनी विचारलं.

"दादा, त्या दिवशी तुमच्या यंत्रात कळलं हुतं म्हणं."

"हो."

"किती वाजता?"

"दोन चाळीसला."

"आणि वारं आलं चारला." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. आवाजात राग नव्हता. एखादं काम कसं करतात ते समजून घ्यावं, तसं विचारत होत्या. "मग अण्णास्नी फोन का न्हाई केला? नुसता फोन. उचलतात की ते."

मला हे सुचलंच नव्हतं. इतक्या दिवसांत, खरंच सांगतो, एकदाही सुचलं नव्हतं. ग्रुपवर टाकावं की हाळीवर, याच्यापलीकडं माझं डोकं गेलं नव्हतं. अण्णांचा नंबर मला पाठ आहे. पप्पांच्या वेळेपासून तोच आहे.

"केला होता," मी म्हणालो. "लागला नाही."

अण्णा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. ट्रे खाली ठेवला, आणि माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. पप्पा गेले त्या दिवशी फिरवला होता तसा.

बनुबाई माझ्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "लागत न्हाई कवाकवा," आणि मान भिंतीकडं वळवली. चहा घेतला नाही.

घरी येताना ठरवलं, उद्याच अण्णांना खरं सांगायचं.

११ मे, रविवार

सांगितलं नाही. नऊ हजार शंभर. पुण्याहून दोघं येऊन गेले. मोठा म्हणाला, तुमच्याकडं गोष्ट आहे, ती कुणाला विकत मिळत नाही.

ब्राह्मीला निरोप पाठवला, हाळीवर. तिनं हाळी काढून टाकलीय. मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१८ मे, रविवार

तासगावात बेदाणे उत्पादकांची सभा. मंडप भरलेला. बनुबाईंना वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांना यायचं नव्हतं, असं नंतर कळलं. अण्णांनी आग्रह केला.

अण्णा बोलायला उभे राहिले. कधी चार माणसांत बोलले नाहीत ते, पण आता सवय झालीय. पत्रे कसे उडाले, माल कसा गेला, बाई कशी पडली, सगळं सांगितलं. मग माझ्याकडं हात केला.

"ह्या पोरानं त्या दिवशी मला फोन लावला. एकदा न्हाई, तीनदा लावला. ग्रुप सोडून, अ‍ॅप सोडून सोताच्या हातानं लावला. मलाच लागला न्हाई. एवढी काळजी कोण करतंय गड्याहो आजकाल?"

टाळ्या वाजल्या. तीनदा हे मी म्हटलेलं नव्हतं. ते त्यांनीच घातलं, प्रेमानं. आणि ते खरं मानूनच ते बोलत होते.

पहिल्या रांगेकडं मी बघितलं नाही. मला माईक दिला. बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, कोरिया, जपान, आपला भाग, आपलं अ‍ॅप. पण माईक हातात आल्यावर पहिलं वाक्य तोंडातनं आलं ते असं :

"तिसऱ्यांदा फोन लागला नाही, तेव्हा मला रडू आलं."

मग टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या.